उन्हाने रापलेल्या चेहऱ्यावर औषध देणारा डॉक्टर आणि तुरुंगातल्या त्या पाठी

रिसोडमध्ये मे महिन्याच्या दुपारी रस्ते ओस पडतात. पण शेताला दुपार कळत नाही. पावसाळ्यात सोयाबीनचं निंदण, ऑक्टोबरच्या उन्हात सोंगणी, त्यानंतर तूर आणि हरभरा. वर्षातले कितीतरी दिवस ऊन थेट तोंडावर आणि हातांवर पडतं. दुपट्टा कितीही गुंडाळला तरी तिशी-पस्तिशीत गालांवर वांगाचे डाग येतात, कपाळ काळवंडतं, डोळ्यांच्या कडेला बारीक रेघा दिसायला लागतात.

मग घरात लग्न निघतं आणि कोणीतरी सांगतं की मेडिकलमध्ये एक ट्यूब मिळते, पंधरा दिवसांत चेहरा उजळतो. ट्यूब घरी येते. चेहरा खरंच उजळतो. म्हणून दुसरी येते, मग तिसरी. रिसोडच कशाला, महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात हे चालतं.

अशा बऱ्याच ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत तीन नावं छापलेली असतात. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन.

अशी तीन प्रकारची औषधं एकत्र मिसळायची कल्पना एका अमेरिकन डॉक्टरची. उन्हाने खराब झालेल्या त्वचेसाठी डॉक्टर आजही ज्या औषधावर भरवसा ठेवतात, ते ट्रेटिनॉइन जगभर पोचलं तेही त्यांच्यामुळेच. त्यांचं नाव डॉ. अल्बर्ट क्लिगमन. त्यांची गोष्ट जितकी हुशारीची आहे, तितकीच अंगावर काटा आणणारी आहे.

बुरशीपासून सुरुवात

17 मार्च 1916 ला फिलाडेल्फिया शहरात एका गरीब ज्यू कुटुंबात अल्बर्टचा जन्म झाला. वडील युक्रेनमधून अमेरिकेत आलेले, वर्तमानपत्रं पोचवण्याच्या धंद्यात होते. अल्बर्ट स्काउटमध्ये गेला आणि तिथल्या पोरांबरोबर शहराबाहेर भटकताना त्याला झाडापानांचा नाद लागला. पुढे पेन स्टेट कॉलेजात तो जिम्नॅस्टिक्सच्या संघाचा कॅप्टन होता. 1939 मध्ये पदवी घेतली आणि 1942 मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियातून वनस्पतिशास्त्रात पीएचडी केली. अभ्यासाचा विषय होता बुरशी. मशरूमची लागवड कशी करायची यावर त्यांनी एक पुस्तकही लिहिलं.

इथपर्यंत सगळं एखाद्या कृषी विद्यापीठातल्या प्राध्यापकासारखं वाटतं. पण त्यानंतर क्लिगमन डॉक्टरकीकडे वळले आणि 1947 मध्ये एमडी झाले.

आता तुम्ही म्हणाल, बुरशीचा अभ्यासक त्वचेचा डॉक्टर कसा झाला? तर नायटा, गजकर्ण, पावसाळ्यात पायाच्या बोटांच्या बेचक्यात होणारा बुरशीचा त्रास, या सगळ्याच्या मागे बुरशीच असते. झाडावरची बुरशी ओळखणाऱ्या माणसाला माणसाच्या अंगावरची बुरशी ओळखणं सोपं गेलं. क्लिगमन त्याच युनिव्हर्सिटीच्या त्वचारोग विभागात शिकवायला लागले.

तुरुंगाचं दार उघडलं

1951 साल. फिलाडेल्फियातल्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांच्या पायांना बुरशीची लागण झाली होती. तुरुंगवाल्यांनी सल्ल्यासाठी युनिव्हर्सिटीच्या डॉक्टरांना, म्हणजे क्लिगमन यांना बोलावलं.

आत गेल्यावर त्यांना शेकडो माणसं दिसली. एका जागी बंद असलेली, रोज तेच अन्न खाणारी, कुठेही न जाणारी. प्रयोग करणाऱ्याला हवं ते सगळं एका छताखाली. पंधरा वर्षांनी एका वर्तमानपत्राशी बोलताना त्यांनी त्या दिवसाची आठवण सांगितली. आपल्याला तिथे माणसं दिसलीच नाहीत, नुसती एकरच्या एकर त्वचा दिसली, अशा अर्थाचं ते बोलले. पहिल्यांदाच सुपीक रान बघणाऱ्या शेतकऱ्यासारखं आपल्याला वाटलं, असंही त्यांनी सांगून टाकलं.

शेतीची ही उपमा आपल्याकडच्या माणसाला लगेच कळते, आणि म्हणूनच ती जास्त टोचते. कारण रानाला कोणी विचारत नाही की तुझ्यात काय पेरू.

1951 ते 1974 अशी तब्बल 23 वर्षं होम्सबर्गमध्ये प्रयोग चालले. साबण, शाम्पू, डिओडरंट, पावडर, नवी औषधं. कंपन्या पैसे द्यायच्या, क्लिगमन आणि त्यांचे सहकारी कैद्यांच्या अंगावर तपासण्या करायचे. पाठीवर चौकोनी पट्ट्या चिकटवायच्या, त्याखाली औषध किंवा रसायन ठेवायचं आणि त्वचा किती लाल होते, किती सोलते ते बघायचं. कित्येकांच्या पाठीवर ते चौकोन कायमचे उमटले.

कैदी तयार का व्हायचे? पैशासाठी. तुरुंगातल्या साध्या कामाला दिवसाला काही सेंट मिळायचे, प्रयोगाला मात्र डॉलर मिळायचे. कैद्यांमध्ये बहुसंख्य काळे होते. त्यातल्या बऱ्याच जणांवर गुन्हा सिद्धही झालेला नव्हता, जामिनाचे पैसे नाहीत म्हणून ते आत बसले होते. प्रयोगाचे पैसे साठवून जामीन भरायचा, हा त्यांचा हिशोब होता. कागदावर त्यांची सही असायची. पण अंगावर नेमकं काय लावलंय आणि त्याने पुढे काय होऊ शकतं, हे त्यांना नीट सांगितलं जात नव्हतं.

सगळ्यात भयंकर प्रकार 1965-66 मध्ये झाला. डाऊ केमिकल या कंपनीला डायऑक्सिन नावाचं विष त्वचेवर काय परिणाम करतं ते तपासायचं होतं. व्हिएतनाम युद्धात जंगलं जाळायला फवारलेल्या एजंट ऑरेंजमध्ये हेच विष भेसळ म्हणून होतं. कंपनीने अगदी थोडी मात्रा ठरवून दिली होती. तेवढ्याने काही होत नाही असं दिसल्यावर क्लिगमन यांनी 10 कैद्यांना ठरलेल्या मात्रेच्या 468 पट डायऑक्सिन लावलं. त्यातल्या आठ जणांच्या अंगावर फोड आणि गाठी उठल्या, त्या कित्येक महिने गेल्या नाहीत. खुद्द कंपनीही हे बघून हादरली.

1966 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, प्रयोगांच्या नोंदींमधल्या गडबडीवरून क्लिगमन यांच्यावर नव्या औषधांच्या चाचण्या करायला बंदी घातली. साधारण महिनाभरात ती बंदी उठली आणि काम पुन्हा सुरू झालं.

व्हिटॅमिन ए ची जादू

याच काळात क्लिगमन यांच्या हाती त्यांचं सर्वात मोठं औषध आलं.

व्हिटॅमिन ए आणि त्वचेचा संबंध डॉक्टरांना आधीपासून माहीत होता. हे व्हिटॅमिन कमी पडलं की कातडी खरखरीत होते. पण त्याच्या गोळ्या जास्त प्रमाणात खाल्ल्या तर यकृतावर परिणाम होतो. मग खाण्याऐवजी ते त्वचेवर लावलं तर? जर्मनीतल्या डॉक्टरांनी तसा प्रयत्न आधी केला होता. व्हिटॅमिन ए चं एक आम्ल असतं, त्याला ट्रेटिनॉइन म्हणतात. अडचण अशी होती की ते लावलं की त्वचा लालबुंद व्हायची, सोलायची. बाकीच्यांनी नाद सोडला.

क्लिगमन यांनी सोडला नाही. मात्रा कमी-जास्त करत, लावायची पद्धत बदलत ते मागे लागले. या चाचण्यांमध्येही होम्सबर्गचे कैदी होते. सुरुवातीच्या कडक मात्रांनी भाजून निघालेली त्वचा त्यांचीच होती. 1969 मध्ये क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी मुरुमांवर ट्रेटिनॉइन काम करतं हे छापून आणलं. 1971 मध्ये एफडीएने त्याला मान्यता दिली आणि जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने ते रेटिन-ए या नावाने बाजारात आणलं. मुरुमांनी हैराण झालेल्या लाखो तरुण पोरांसाठी हे खरोखरच वरदान होतं.

त्वचा म्हातारी कोण करतं?

क्लिगमन यांचं अजून एक मोठं काम आहे आणि ते ट्यूबपेक्षाही महत्त्वाचं आहे. त्वचेचं म्हातारपण वयामुळे कमी आणि उन्हामुळे जास्त येतं, हे त्यांनी 1960 च्या दशकापासून ठासून मांडलं. उन्हाने होणारी झीज तरुणपणीच सुरू होते, फक्त ती दिसायला वर्षं लागतात.

याचा पुरावा तुमच्या अंगावरच आहे. दंडाची आतली बाजू बघा आणि मग हाताच्या पंजाची वरची बाजू बघा. दोन्हींचं वय सारखंच. एक मऊ आणि एकसारखी, दुसरी रापलेली, रेघांची, डागांची. फरक फक्त उन्हाचा. या प्रकाराला फोटोएजिंग हा शब्द रूढ केला तो क्लिगमन यांनीच.

होतं असं की उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्वचेतलं कोलॅजन तुटतं. कोलॅजन म्हणजे त्वचेला ताणून धरणारे धागे. गोधडीचे टाके उसवले की ती जशी लोंबते, तशी त्वचा सैल होते. शिवाय रंगद्रव्य कुठे जास्त, कुठे कमी साचतं, म्हणून डाग.

मुरुमांसाठी ट्रेटिनॉइन लावणाऱ्या मोठ्या वयाच्या बायका क्लिगमन यांना सांगायला लागल्या की मुरूम तर गेलेच, पण त्वचाही गुळगुळीत झाली. क्लिगमन यांनी ते कानाआड केलं नाही. 1986 मध्ये त्यांनी उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर ट्रेटिनॉइनचा परिणाम दाखवणारा शोधनिबंध छापला. जानेवारी 1988 मध्ये मिशिगन युनिव्हर्सिटीच्या डॉक्टरांनी 30 जणांवर 16 आठवडे केलेला स्वतंत्र अभ्यास आला. त्यात औषधाची क्रीम आणि औषध नसलेली क्रीम अशी तुलना केली होती आणि औषधाने फरक पडल्याचं दिसलं.

झालं. अमेरिकेत मेडिकलसमोर झुंबड उडाली, दुकानांतला माल संपला. मुरुमांची ट्यूब सुरकुत्यांसाठी जाऊ लागली, तीही सुरकुत्यांसाठी सरकारी मान्यता नसताना.

पैसा आला की भांडणं येतात. या नव्या उपयोगाच्या पेटंटवरून क्लिगमन आणि त्यांच्याच युनिव्हर्सिटीत कोर्टकज्जा झाला, तो 1992 मध्ये तडजोडीने मिटला. जॉन्सन अँड जॉन्सनच्या ऑर्थो या कंपनीने रेटिन-ए च्या प्रचाराची सरकारी चौकशी चालू असताना कागदपत्रं नष्ट केली होती. 1995 मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि दंड व खर्च मिळून 75 लाख डॉलर भरले.

1995 च्या अखेरीस एफडीएने उन्हाने खराब झालेल्या त्वचेसाठी ट्रेटिनॉइनच्या क्रीमला मान्यता दिली. पण सोबत लेबलवर स्पष्ट लिहायला लावलं की या औषधाने बारीक सुरकुत्या, डाग आणि खरखरीतपणा कमी होतो, सुरकुत्या नाहीशा होत नाहीत आणि उन्हाने केलेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही. कौतुकाच्या गर्दीत ही ओळ फार कमी लोकांनी वाचली.

तीन औषधांची ती मिसळ

आता परत त्या ट्यूबकडे येऊ. ते भांडण आणि ती झुंबड पुढच्या काळातली, ही मिसळ त्याआधीची आहे.

1974 मध्ये होम्सबर्गमधले प्रयोग बंद पडले. 1975 मध्ये क्लिगमन आणि त्यांचे सहकारी विलिस यांनी काळे डाग घालवण्यासाठी एक सूत्र छापलं. 0.1 टक्के ट्रेटिनॉइन, 5 टक्के हायड्रोक्विनोन आणि 0.1 टक्के डेक्सामेथासोन. हायड्रोक्विनोन रंगद्रव्य तयार होणं कमी करतं. ट्रेटिनॉइन त्वचेचे थर लवकर बदलतं आणि दुसऱ्या औषधाला आत शिरायला मदत करतं. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, ते बाकीच्या दोघांमुळे होणारी जळजळ दाबतं. तिघांपैकी एक जरी काढलं तरी तेवढा परिणाम येत नाही, असं त्यांना दिसलं. वांगावर हे सूत्र चाललं. आणि निरोगी त्वचेचा रंगसुद्धा पाच ते सात आठवड्यांत उतरू शकतो, हेही त्याच निबंधात होतं.

डॉक्टर या मिसळीला आजही क्लिगमन फॉर्म्युला म्हणतात. अमेरिकेत पुढे तिचा सौम्य प्रकार वांगासाठी मंजूर झाला, तो आठ आठवड्यांपर्यंत वापरायचा म्हणून.

भारतात डेक्सामेथासोनच्या जागी मोमेटासोन आलं. ट्यूब स्वस्त झाली, गावोगावी पोचली. फक्त ते आठ आठवडे वाटेत कुठेतरी गळून पडले. वांगाचं औषध गोरं व्हायची क्रीम झालं.

2011 मध्ये भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी 12 ठिकाणच्या दवाखान्यांत केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांपैकी 433 जण तोंडाला स्टेरॉइडची क्रीम लावत होते. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना ती क्रीम डॉक्टरने सांगितलेलीच नव्हती.

स्टेरॉइड महिनोन्महिने तोंडाला लावलं की कातडी पातळ होते. बारीक लाल शिरा दिसायला लागतात. पुटकुळ्या येतात, नको तिथे केस येतात, उन्हात गेलं की चेहऱ्याची आग होते. ट्यूब बंद केली की चेहरा आणखी बिघडतो, म्हणून माणूस घाबरून परत लावतो. हे एक प्रकारचं व्यसनच. आणि हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर उलट निळसर-काळे, न जाणारे डाग पडू शकतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकल्या. पण चिठ्ठी न मागता ट्यूब हातात पडते, हे आपण सगळेच बघतो.

शेवटचा हिशोब

1998 मध्ये अॅलन हॉर्नब्लम या लेखकाने होम्सबर्गवर पुस्तक लिहिलं. नाव ठेवलं, एकर्स ऑफ स्किन. क्लिगमन यांचेच शब्द त्यांच्याकडे परत आले. 2000 साली सुमारे 300 माजी कैद्यांनी युनिव्हर्सिटी, क्लिगमन आणि कंपन्यांवर खटला भरला. फार उशीर झाला, मुदत संपली, या कारणावर तो फेटाळला गेला. प्रयोगांच्या बऱ्याच नोंदी आधीच नष्ट झाल्या होत्या, त्यामुळे आपल्या अंगावर नेमकं काय लावलं होतं हे कित्येकांना कधी कळलंच नाही.

क्लिगमन यांचं म्हणणं शेवटपर्यंत एकच राहिलं. त्या काळच्या रीतीप्रमाणे सगळं झालं आणि त्यातून वैद्यकशास्त्राचं भलं झालं. 9 फेब्रुवारी 2010 ला, 93 व्या वर्षी, फिलाडेल्फियात हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी माफी मागितली नाही. युनिव्हर्सिटीच्या मेडिकल स्कूलने ती 2021 मध्ये मागितली आणि फिलाडेल्फिया शहराने 2022 मध्ये. तोपर्यंत बरेच कैदी मरून गेले होते.

मग या माणसाचं औषध वापरायचं की नाही? वापरायचं. ट्रेटिनॉइन हे खरं औषध आहे आणि त्यावर पुढे जगभर नीट, संमती घेऊन अभ्यास झाले. पण ते त्याच्या रीतीने वापरायचं. आधी त्वचेच्या डॉक्टरला दाखवायचं. रात्री, वाटाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला, कारण ते उजेडात निकामी होतं. सुरुवातीचे काही आठवडे त्वचा कोरडी पडते, सोलते, घाबरायचं नाही. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. गरोदर असाल किंवा मूल हवं असेल तर लावायचं नाही. दिवसा सनस्क्रीन, टोपी, दुपट्टा हवाच. नाहीतर रात्री टाके घालायचे आणि दिवसा उन्हाने ते उसवायचे, असं होतं.

आणि ट्यूब उलटी करून बघायची. मोमेटासोन, क्लोबेटासोल, बीटामेथासोन, फ्लुओसिनोलोन, यातलं काही लिहिलेलं असेल तर ती स्टेरॉइडची ट्यूब आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपलीकडे ती तोंडाला लावायची नाही. महिनोन्महिने लावत आला असाल तर एकदम बंद न करता आधी डॉक्टरकडे जा.

होम्सबर्गमधल्या माणसांच्या अंगावर काय लावलंय हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि विचारायची सोयही नव्हती. आपल्या ट्यूबवर ते छापलेलं असतं. घरातल्या आईला, बहिणीला, वहिनीला पुढच्या वेळी मेडिकलमधून ट्यूब आणून द्याल, तेव्हा मागची ती तीन नावं तिला वाचून दाखवा.